लुक्लाची खालची कड : २७ मे २०१७च्या लँडिंग अपघाताचा अभ्यास

२७ मे २०१७. दुपारचे दोन वाजून गेले होते. काठमांडूहून माल घेऊन निघालेलं दोन इंजिनांचं एक छोटं विमान नेपाळमधल्या, एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्लाला उतरायला आलं आणि धावपट्टीच्या अलीकडे, तिच्या पातळीच्याही खाली, डोंगरउतारावर आदळलं. प्रवासी नव्हतेच, तिघं कर्मचारी होते. कॅप्टन आणि को-पायलट दगावले, तिसरी व्यक्ती गंभीर जखमी झाली पण वाचली.

विमान होतं चेक बनावटीचं लेट एल-४१०, नोंदणी ९एन-एकेवाय, कंपनी समिट एअर (आधीचं नाव गोमा एअर). दोन टर्बोप्रॉप इंजिनं, पंख वरच्या बाजूला, साधारण १९ आसनं आणि उड्डाणावेळचं जास्तीत जास्त वजन ६,६०० किलो. याला ‘हलकं विमान’ म्हणायचं का, असा प्रश्न फ्लाइंग क्लबवाल्यांना पडेल, कारण त्यांच्या सेसना १७२चं वजन टनाच्या थोडं वरच भरतं. पण विमानामागच्या हवेच्या भोवऱ्यांसाठी जी आंतरराष्ट्रीय वर्गवारी आहे, तिच्यात ७,००० किलोपर्यंतचं सगळं ‘लाइट’मध्ये येतं. आणि लुक्लाला याहून फार मोठं काही उतरतही नाही.

नेपाळ सरकारच्या चौकशी आयोगाने काढलेलं कारण थोडक्यात असं : उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात विमानाचा वेग ठरलेल्या लँडिंग वेगाच्या खाली गेला होता. पूर्ण फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली वळणाऱ्या झडपा) बाहेर, चाकं खाली. अशा अवस्थेत तातडीने वर चढण्यासाठी नाक एकदम उचललं गेलं, हवेचा अडथळा प्रचंड वाढला आणि विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचलच तुटली. भर घालणाऱ्या गोष्टी आयोगाने चार सांगितल्या. अवघड भूभाग आणि झपाट्याने बिघडणारं हवामान ही पहिली. आपण नेमके कुठे आहोत याचं वैमानिकांचं सुटलेलं भान ही दुसरी. स्टॉलचा इशारा वाजल्यावर चुकीचा प्रतिसाद ही तिसरी. त्यात पॉवर वेळेवर पूर्ण पुढे न सरकवणंही आलं. चौथी म्हणजे वैमानिक आणि टॉवर या दोघांकडूनही ठरलेल्या कार्यपद्धतीचा भंग.

‘स्टॉल’ हे उत्तर बरोबर आहे, पण ते शेवटच्या काही सेकंदांचं उत्तर आहे. हा अपघात समजून घ्यायचा तर आधी ती धावपट्टी समजून घ्यावी लागते.

धावपट्टी

एडमंड हिलरींच्या पुढाकाराने १९६४ साली ही पट्टी तयार झाली. २००१ मध्ये तिच्यावर डांबर पडलं आणि २००८ मध्ये विमानतळाला तेनझिंग-हिलरी असं नाव मिळालं. लांबी ५२७ मीटर, समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण २,८४५ मीटर, म्हणजे ९,३३४ फूट. चढ ११.७ टक्के. नैऋत्येकडून दूधकोशीच्या दरीतून वर यायचं आणि ०६ या दिशेला, म्हणजे चढावर, उतरायचं. उड्डाण उलट्या दिशेने, उतारावरून दरीत. वारा कुठूनही असो, यात बदल नाही. वरच्या टोकाला भिंत, तिच्यामागे डोंगर. खालच्या टोकाला खोल दरी.

चढाचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. ५२७ मीटरला ११.७ टक्के म्हणजे खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत सुमारे ६२ मीटरचा फरक, वीस मजली इमारतीएवढा. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. मे महिन्यातल्या दुपारी १५ अंश तापमान धरलं, तर वेगदर्शक ८५ नॉट दाखवत असताना विमान हवेतून प्रत्यक्षात सुमारे १०० नॉटने, म्हणजे सेकंदाला ५१ मीटरने जात असतं. या वेगाची जी ऊर्जा आहे, तिच्यातली ४५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा नुसती ६२ मीटर चढण्यात संपते. उरलेली ब्रेक आणि प्रोपेलरच्या उलट्या जोराने मारायची. सपाट असती, तर ही पट्टी या विमानांना पुरवताना नाकी नऊ आले असते. चढ हाच तिथला सर्वांत भरवशाचा ब्रेक आहे.

पण हाच चढ दोन ठिकाणी उलटतो.

पहिलं ठिकाण म्हणजे वैमानिकाचे डोळे. नेहमीच्या सपाट पट्टीवर विमान तीन अंशांच्या उताराने येतं आणि त्या कोनातून पट्टीचा जो आकार दिसतो तो वैमानिकाच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. लुक्लाची पट्टी स्वतःच पावणेसात अंश वर उचललेली. तीन अंशांच्या बरोबर उताराने आलात, तरी ती पावणेदहा अंशांवरून बघितल्यासारखी दिसते, समोर भिंतीला फळा टेकवून ठेवल्यासारखी. डोकं ओरडून सांगतं, ‘फार उंच आहेस, खाली ये.’ आता उलट बाजूने बघा. डोक्यातलं ते ओळखीचं चित्र लुक्लाला कधी दिसेल? डोळ्याची रेघ पट्टीशी तीन अंश करायला हवी, आणि पट्टी तर पावणेसात अंश चढलेली. म्हणजे ते चित्र दिसण्यासाठी विमान पट्टीच्या सुरुवातीच्या टोकाच्या खाली असावं लागेल. लुक्लासाठी वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी पात्रता का लागते, ते एवढ्यावरून कळावं. त्या दिवशी वैमानिकांना हाच भास झाला असं कुणी ठरवलेलं नाही. पण ढगांच्या फटीतून पट्टी क्षणभर दिसते आणि पुन्हा झाकली जाते, अशा वेळी डोळ्यावर विसंबणं या पट्टीवर दुप्पट महाग पडतं, एवढं नक्की.

दुसरं ठिकाण म्हणजे शेवटचा फ्लेअर, चाकं टेकण्याआधी नाक उचलणं. साडेतीन अंश खाली चाललेल्या विमानाला पावणेसात अंश वर जाणाऱ्या पट्टीला समांतर व्हायचं असतं. दिशेतला बदल दहा अंशांचा. सेकंदाला ५१ मीटर वेगात दहा अंश वळायचं, म्हणजे सेकंदाला सुमारे नऊ मीटरचा उभा वेग पैदा करायचा. चार सेकंदांत केलात, तर पंखांवर विमानाच्या वजनाच्या सव्वापट भार येतो. सपाट पट्टीवर हा आकडा एकाच्या जरासाच वर असतो.

वेगातली शिल्लक

लँडिंगचा ठरलेला वेग हा साधारणपणे स्टॉलच्या वेगाच्या १.३ पट धरतात. पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे १.३ पट वेगाला पंख विमानाच्या वजनाच्या १.६९ पट भार पेलू शकतो. ही शिल्लक. आता वेग घसरू द्या. १.२ पटीला शिल्लक १.४४वर येते, १.१ पटीला १.२१वर. म्हणजे लुक्लाचा नेहमीचा, काहीही न बिघडलेला फ्लेअरसुद्धा १.१ पट वेगाला पंखाच्या मर्यादेवर जाऊन टेकतो. आकड्यांत बोलायचं तर स्टॉलचा वेग ६५ नॉट असेल, तर ८५ नॉटला आरामात, ७८ नॉटला जपून, आणि ७२ नॉटला काठी (नाक वर-खाली करायचा दांडा) जरा जोरात ओढली की संपलं. फरक अवघा १३ नॉटचा.

समोर अचानक झाड, कडा किंवा पट्टीची खालची भिंत आली की माणूस काय करतो? काठी पोटाशी ओढतो. मैदानावरच्या उड्डाणात शंभरदा घोटलेलं असतं की स्टॉलच्या जवळ असाल तर आधी नाक थोडं खाली, पॉवर पूर्ण, वेग येऊ दे, मग चढ. पण नाक खाली करायला खाली जागा लागते, आणि इथे खालीच तर डोंगर होता. आयोगाने वैमानिकांचा प्रतिसाद चुकीचा म्हटला आहे आणि तो तसा होताच. तरी पॉवर आधी पूर्ण पुढे गेली असती, तर गोष्ट कितपत वेगळी झाली असती, हे बघायला हवं.

पूर्ण फ्लॅप म्हणजे या विमानात ४२ अंश. एवढा फ्लॅप उचल वाढवतो त्याहून कितीतरी जास्त अडथळा वाढवतो. त्याचं काम तेच असतं, विमानाला हळू आणि तीव्र उताराने खाली आणणं. त्यात चाकं बाहेर. ठरलेल्या वेगाच्या खाली गेल्यावर आणखी एक विचित्र गोष्ट होते. वेग कमी होईल तसा अडथळा कमी न होता वाढत जातो, कारण तेवढीच उचल मिळवायला पंख हवेला जास्त कोनात धरावा लागतो. म्हणजे जितकं हळू जाल, तितकी जास्त पॉवर नुसतं आहे तिथे राहायला लागते. चढायला शिल्लक काहीच उरत नाही. या खड्ड्यात पडलेलं विमान नाक उचलून वर जात नाही, नाक उचललेल्या अवस्थेतच खाली बसतं.

गो-अराउंडचं, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढण्याचं, पाठ केलेलं क्रमवार काम असतं : पॉवर पूर्ण, नाक ठरलेल्या कोनाला, फ्लॅप एक टप्पा वर (इथे ४२वरून १८), चढ पक्का झाला की चाकं वर, मग वेग आला की उरलेला फ्लॅप. हातात वेग असेल, तर ही सगळी कसरत दहा-पंधरा सेकंदांची आहे. वेग नसताना फ्लॅप वर घेतला की उरलेली उचलही जाते.

समजा, सगळं जमलं. १०० नॉटने जाणारं विमान मिनिटाला १,००० फूट चढायला लागलं. मैदानावर हा आकडा झकास वाटतो. लुक्लाला याचा अर्थ असा, की विमान १० टक्के चढाने वर जातंय आणि खालची पट्टी ११.७ टक्के चढाने! मिनिटाला सुमारे १,२०० फूट चढलात तर कुठे पट्टीला समांतर राहाल, आणि पट्टी संपल्यावर समोरचा डोंगर त्याहून खडा. म्हणून लुक्लाला शेवटच्या टप्प्यात गो-अराउंड नाही असं म्हणतात. तो नियम नाही, गणित आहे.

माघारीची जागा

मग परत फिरायचं कुठून? दरीतून, आधीच. १२० नॉट प्रत्यक्ष वेग आणि वळताना पंखांचा ३० अंशांचा कल धरला, तर वळणाची त्रिज्या येते ६७० मीटर. पूर्ण मागे फिरायला आडवी जागा हवी १,३५० मीटर, वेळ ३४ सेकंद. वेग १०० नॉटवर आणला, तर जागा ९३० मीटरवर येते, पण पंखातली शिल्लकही कमी होते, आणि ३० अंशांच्या कलाला पंखावर १.१५ पट भार आधीच असतो. वळण घेताना दरीच्या मधोमध असून चालत नाही. एका बाजूला चिकटून यावं लागतं, म्हणजे सगळी रुंदी हाताशी राहते. डोंगरात उडणाऱ्यांचा हा पहिला धडा आहे. आणि ती सगळी रुंदी डोळ्यांना दिसायला हवी. अर्धी दरी ढगात असेल, तर ती नसल्यातच जमा.

याचा अर्थ, दरीत एक अदृश्य फाटक असतं. त्याच्या अलीकडे ‘पट्टी पूर्ण दिसतेय का’ याचं उत्तर निःसंशय ‘हो’ आलं, तरच पुढे जायचं. ‘थोडी दिसतेय’, ‘आता मोकळी होईल’, ‘मघाशी दिसली होती’ ही उत्तरं ‘नाही’च्या खात्यात जातात. १०० नॉटला एक सागरी मैल ३६ सेकंदांत संपतो. फाटक ओलांडल्यावर ढग आडवा आला, तर वैमानिकाकडे चांगला पर्याय नसतो, फक्त कमी वाईट असतो. २७ मेच्या शेवटच्या सेकंदांत जे घडलं, ते फाटक ओलांडल्यानंतरचं होतं. तिथे कौशल्याला वाव फार थोडा उरतो, आणि सगळी चर्चा मात्र त्या सेकंदांवरच होते.

दुपार

लुक्लाची उड्डाणं शक्यतो सकाळीच उरकतात. याचं कारण दरीतल्या वाऱ्यात आहे. ऊन चढलं की उतार तापतात आणि खालची दमट हवा दरीतून वर चढायला लागते. वर येता येता ती थंड होते आणि ढग बनतो, तोही पट्टीच्या खाली, नेमका विमान येण्याच्या वाटेवर. टॉवरवरून बघणाऱ्याला आकाश निळं दिसत असतं, आणि दरीतून चिंध्या वर सरकत असतात. मेअखेरीला, पावसाळा तोंडावर असताना, या हवेत पाणी मुबलक असतं.

हाच दरीतला वारा दुपारी पाठीमागूनही येतो. वर चढणारा वारा नैऋत्येचा आणि विमानही तिकडूनच येणारं. पाठीवर १० नॉट वारा म्हणजे जमिनीवरचा वेग ११० नॉट, थांबवायची ऊर्जा २१ टक्के जास्त. दिशा बदलायची सोय नाहीच.

काठमांडू ते लुक्ला सुमारे अर्ध्या तासाचं उड्डाण. निघताना मिळालेली हवामानाची खबर पोचेपर्यंत अर्ध्या तासाची शिळी झालेली असते. ढगाची चिंधी ताशी १० किलोमीटरने सरकत असेल, तर तेवढ्या वेळात पाच किलोमीटर पुढे गेलेली असते. उपकरणांच्या आधारे उतरण्याची सोय लुक्लाला नाही. जे आहे ते डोळ्यांनी बघून उडण्याचं, आणि त्यासाठी साधारण ५ किलोमीटरची दृश्यता धरलेली असते.

टॉवर आहे, पण तो नियंत्रण कक्ष नव्हे, माहिती देणारा कक्ष आहे. वारा इतका, ढग इथे, पट्टी मोकळी, एवढं तो सांगतो. उतरण्याचा निर्णय वैमानिकाचा. मात्र हवामान मर्यादेखाली गेलं की विमानतळ बंद जाहीर करणं ही साधी, कंटाळवाणी गोष्ट टॉवरच्या हातात असते. आयोगाने कार्यपद्धतीच्या भंगात टॉवरलाही धरलं, ते मला योग्य वाटतं. फाटक ओलांडण्याआधी ‘बंद’ हा एक शब्द रेडिओवर आला, तर वैमानिकाच्या मनातली घालमेलच संपते. निर्णय त्याच्या एकट्याच्या डोक्यावर राहत नाही.

याच कडेवर, नऊ वर्षांपूर्वी

८ ऑक्टोबर २००८ची सकाळ. यती एअरलाइन्सचं डी हॅविलँड ट्विन ऑटर, ९एन-एएफई. विमानात १९ जण, त्यात १२ जर्मन आणि २ ऑस्ट्रेलियन ट्रेकर. शेवटच्या टप्प्यात ढग आडवा आला, पट्टी दिसेनाशी झाली, विमान पट्टीच्या अगदी अलीकडे आदळलं आणि पेटलं. १८ गेले. एकटे कॅप्टन वाचले. विमान वेगळं, कंपनी वेगळी, वेळ सकाळची, हंगाम पावसाळ्यानंतरचा. सारखं काय? खालची कड आणि ढग.

मध्ये, १२ ऑक्टोबर २०१०ला, सीता एअरचं डॉर्निअर २२८ उलट टोकाला गेलं. पट्टीवर टेकलं पण थांबलं नाही, वरच्या भिंतीला जाऊन धडकलं. कुणी दगावलं नाही. लुक्लाला चुकण्याच्या दोन बाजू आहेत आणि त्यांची किंमत सारखी नाही, हे यातून स्पष्ट दिसतं. वेग थोडा जास्त राहिला, तर चढ आणि भिंत मिळून नाक फोडतात. वेग कमी पडला किंवा उंची कमी पडली, तर कड. तरीही ५२७ मीटरची आखूड पट्टी समोर दिसली, की वैमानिकाचा हात आपोआप वेग कमी करण्याकडे जातो, कारण भीती भिंतीची वाटते. कड दिसत नाही, ती विमानाच्या नाकाखाली असते.

आपल्याकडे बारामती, धुळे, गोंदियाला शिकणाऱ्या विद्यार्थ्याला लँडिंग बिघडलं की ‘गो-अराउंड’ हेच उत्तर दिलं जातं आणि तिथे ते योग्यच आहे, कारण पुढे सपाट रान असतं आणि चाकं टेकल्यावरसुद्धा परत उडता येतं. तिथली सवय अशी होते, की निर्णय शेवटच्या क्षणापर्यंत लांबवता येतो. लुक्लाला तोच निर्णय दीड-दोन मिनिटं आधी घ्यायचा असतो, सगळं अजून ठीकठाक दिसत असताना. हा फरक सिम्युलेटरवर शिकवता येतो, पण तो अंगात मुरायला डोंगरातली उड्डाणं आणि शेजारी बसलेला अनुभवी माणूसच लागतो.

महाराष्ट्रातून दरवर्षी एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणाऱ्यांचा याच्याशी संबंध तिकिटापुरता, पण पक्का आहे. हंगामात आता बरीच उड्डाणं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात. पहाटे तिथे पोचावं लागतं म्हणून लोक कुरकुरतात. पण तिथून लुक्ला वीसेक मिनिटांवर आहे. खबर कमी शिळी आणि दुपारच्या आत जास्त फेऱ्या. परतीच्या तिकिटाला लागूनच दिल्ली-मुंबईचं विमान घेऊ नका. लुक्लासाठी जाताना एक आणि येताना दोन दिवस मोकळे ठेवा. आणि विमान दरीत अर्ध्यावरून परत फिरलं, तर खिडकीतून एकदा खाली बघा. वळायला किती जागा लागली, ते दिसेल.